तीन बोटांचं माप

आधी एवढं करा. उजव्या हाताचं मधलं बोट ओठावर ठेवून हलकेच दाबा. मग नाकाच्या शेंड्यावर, मग कपाळावर. ओठ बोटाला आत घेतो. नाकाचा शेंडा दबतो, पण लगेच परत ढकलतो. कपाळ दादच देत नाही. शिकाऊ डॉक्टरांना मऊ, घट्ट आणि कठीण यांतला फरक शिकवताना हीच तीन ठिकाणं दाखवतात. ती प्रत्येकाजवळ असतात आणि फुकट असतात. आता कानाची पाळी चिमटीत धरून खाली ओढा. आधी ती सहज येते, मग एका जागी अडते, आणि त्यापुढे जोर वाढवला तरी फारशी हलत नाही. पाळीच्या आत कोलॅजेनचे तंतू नागमोडी पडलेले असतात. सुरुवातीला नुसती ती नागमोड सरळ होते, म्हणून सोपं जातं. तंतू ताठ झाले की खरा भार त्यांच्यावर येतो. स्प्रिंगला दुप्पट वजन टांगलं की ती दुप्पट लांबते. शरीरातला मऊ भाग हा हिशेब पाळत नाही. वेर्टहाइम नावाच्या संशोधकाने माणसाच्या शरीरातल्या ऊती ताणून, मोजून हे १८४७ साली पॅरिसमध्ये मांडलं होतं.

एवढी तयारी पुरे. जायचं लांब नाही, गिरगाव ते परळ. काळ मात्र शंभर वर्षांहून जास्त ओलांडायचा आहे, आणि वाटेत तुमचा देहही बदलत राहील. त्याला हरकत घेऊ नका.

१८९७ सालचे थंडीचे दिवस आहेत. गिरगावातल्या तुमच्या चाळीत कितीतरी खोल्यांना कुलपं लागली आहेत. गेल्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला आणि तेव्हापासून शहर रिकामं होत चाललंय. वर्तमानपत्रं त्याला ग्रंथिक सन्निपात म्हणतात. तुम्हीही बिऱ्हाड गुंडाळून देशावर निघालाय. गाडी तपासणीसाठी थांबते. सगळ्यांना खाली उतरवतात, रांग लावतात. डॉक्टर पुढे येतो, तुमच्या कपाळाला हात लावतो, मग मानेवर, काखेत आणि जांघेत बोटं दाबतो. तिथे लसिका ग्रंथी असतात. धडधाकट माणसाच्या त्या हाताला जेमतेम लागतात. प्लेगमध्ये त्या फुगतात, भोवती सूज धरते आणि नुसता स्पर्श झाला तरी माणूस ओरडतो. डॉक्टर काही विचारत नाही, काही सांगत नाही. काही क्षणांत तुमचं माप होतं आणि तो पुढच्या माणसाकडे वळतो.

पुढचा माणूस म्हणजे तुमची बायको आहे. बाई डॉक्टर सगळीकडे नसते. फलाटावर, चारचौघांत, परका पुरुष तिच्या काखेकडे हात नेतो तेव्हा तुमच्या मुठी आपोआप वळतात. रांगेतल्या सगळ्यांच्याच वळलेल्या असतात. पुढच्या वर्षी, ९ मार्च १८९८ला, प्लेगच्या तपासणीवरूनच मदनपुऱ्यातल्या विणकरांचा उद्रेक होईल, दंगल शहरात पसरेल आणि गोळीबार होईल.

त्या डॉक्टरचं बोट चुकत होतं असं नाही. प्लेगची गाठ ओळखायला तेव्हा बोटाइतकं चटकन उत्तर देणारं दुसरं साधन नव्हतं. पण ज्याच्या शरीराचं माप घ्यायचं त्याला विचारायचं असतं, ही गोष्ट त्या व्यवस्थेच्या डोक्यातच नव्हती. म्हणून लोकांच्या लक्षात रोग कमी आणि हात जास्त राहिला. दरम्यान भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात संशोधक हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली होती. १८९९मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळला गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात गेली. आपणही तिकडेच जाऊ, मात्र पन्नासेक वर्षं पुढच्या परळला.

आता गिरण्यांचे भोंगे ऐकू येतात. १९५०चं दशक. केईएम रुग्णालय १९२६मध्ये उघडलं ते एका हट्टातून: इथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असतील. तुम्ही इथल्या शस्त्रक्रियागृहात चेहऱ्यावर मास्क बांधून, हात वर धरून उभे आहात. सर्जरी विभागात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आहेत. हेच सेन पुढे १६ फेब्रुवारी १९६८ला याच इमारतीत हृदयरोपण करतील, भारतातलं पहिलं. पण आज टेबलावर रोजचंच दुखणं आहे. गिरणगावातली विशीतली बाई. लहानपणी घसा दुखला, सांधे सुजले, ताप आला आणि गेला. तो संधिवाताचा ताप जाताना हृदयाच्या मिट्रल झडपेवर खूण सोडून गेला. झडपेच्या दोन पाकळ्या कडेला चिकटत गेल्या. आता जिना चढताना तिला धाप लागते.

हृदय थांबवून आत डोकावायची सोय अजून इथे नाही. म्हणून ते चालू असतानाच आत बोट घालायचं. लंडनमध्ये हेन्री सूटर यांनी हे १९२५मध्ये एकदा केलं होतं. मग दोन तपं कुणी धजावलं नाही. १९४८मध्ये अमेरिकेत बेली आणि हार्कन यांनी ते पुन्हा सुरू केलं आणि काही वर्षांतच ते जगभर पसरलं. डाव्या अलिंदाला कानाच्या पाळीसारखा एक कोपरा असतो. त्याच्याभोवती टाक्याचा फास टाकून ठेवतात, कोपरा कापतात आणि रक्ताची चिळकांडी उडायच्या आत तर्जनी आत जाते. फास बोटाभोवती आवळला जातो.

आता ते बोट तुमचं आहे असं समजा. डोळ्यांना काही दिसत नाही. हातमोज्यातून तुम्हाला प्रत्येक ठोका जाणवतो, झडपेची फट बोटाच्या टोकाला लागते. आता बोट काय काय मोजतं बघा. फट किती अरुंद? पाकळ्या अजून लवचिक आहेत, की चुना साचून कडक झाल्यात? रक्त उलटं मागे येतं का? तसं येत असेल तर त्याची धार बोटावर आपटते. पाकळी मऊ असेल तर जोडावर बोट दाबलं की ती शिवणीतच सुटते. कडक असेल तर भलत्याच जागी फाटायची भीती, आणि ती फाटली तर टेबलावरच सगळं संपतं. म्हणजे इथे कडकपणाचा अंदाज घेणं आणि उपचार करणं हे एकाच बोटाचं, एकाच मिनिटातलं काम आहे. कागदावर कुठलाही आकडा उमटत नाही. शस्त्रक्रियेच्या नोंदीत ‘झडप लवचिक’ किंवा ‘झडपेत चुना’ एवढंच लिहिलं जातं, आणि पुढचा डॉक्टर त्यावर विसंबतो.

हे बोट घडायला दहा-पंधरा वर्षं लागतात. तसं बोट असलेली माणसं तेव्हा अख्ख्या देशात मोजकी होती. मला या प्रवासात सर्वांत जास्त कुतूहल आहे ते याच्या उलट प्रश्नाचं: दहावी झालेल्या बाईचं बोट महिनाभरात घडवता येईल का?

त्यासाठी रस्ता ओलांडला की झालं. केईएमपासून चालत काही मिनिटांवर टाटा मेमोरियल रुग्णालय आहे, २८ फेब्रुवारी १९४१ला सुरू झालेलं. साल १९९८. भोंगे बहुतेक बंद पडलेत. १९८२चा गिरणी संप होऊन सोळा वर्षं झाली. आता तुम्ही अशा घरातल्या बाई आहात जिथे नवऱ्याची गिरणी गेली आणि घर तुमच्या हातावर आलं. दहावी झालेली, चार माणसांत बोलता येतं, म्हणून तुमची आरोग्यसेविका म्हणून निवड झाली.

टाटाचे शल्यविशारद डॉ. इंद्रनील मित्रा यांनी १९९४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये बाजू मांडली होती की मॅमोग्राफीशिवाय, नुसत्या हाताच्या तपासणीनेही स्तनाच्या कर्करोगाची चाळणी करता येईल, आणि ते तपासून पाहायला हवं. मॅमोग्राफीला यंत्र लागतं, फिल्म लागते, ती वाचणारा डॉक्टर लागतो. मुंबईच्या वस्त्यांत हे कोण आणि किती वर्षं पुरवणार? मग ठरलं. वीस वस्त्या निवडायच्या. दहांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या बायकांची दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करायची, असे चार फेरे. उरलेल्या दहांत एकदा कर्करोगाची माहिती द्यायची आणि पुढे नुसती नोंद ठेवायची. मग थांबायचं आणि किती जणी वाचल्या ते मोजायचं. एकूण बायका १,५१,५३८. त्याच फेऱ्यांत गर्भाशयमुखाचीही तपासणी होती, साधं व्हिनेगर लावून बघण्याची.

तुमचं प्रशिक्षण सुमारे चार आठवड्यांचं. पहिल्याच दिवशी कळतं की आजवर तुम्ही चुकीच्या बोटांनी दाबत होता. टोकांनी नाही, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी दाबायचं; चपट्या, मांसल भागाने. टोक फक्त टोचतं, पेर वाचतं. गळपट्टीच्या हाडापासून स्तनाखालच्या बरगडीपर्यंत, काखेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत, उभ्या पट्ट्या पाडत जायचं, एकही जागा सुटता कामा नये. आणि प्रत्येक जागी छोटी वर्तुळं काढत तीनदा दाबायचं: हलकं, मध्यम, खोल.

तीनदा कशाला, असा प्रश्न तुम्हाला पडतो. उत्तर त्याच वर्षी, १९९८मध्ये, ह्यूस्टनमधल्या एका प्रयोगशाळेतून आलं. टॉमस क्राउस्कॉप आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेले स्तनाचे तुकडे यंत्राखाली दाबून त्यांचा ताठरपणा किलोपास्कलमध्ये मोजला. हलक्या दाबाखाली चरबी सुमारे २०, दूधग्रंथींचा भाग ३०च्या आसपास, आणि आजूबाजूला पसरलेला कर्करोग १००च्या घरात. दाब वाढवल्यावर चरबी होती तिथेच राहिली. कर्करोगाची गाठ मात्र कित्येक पटींनी ताठर झाली. आणखी एक गंमत: दूधनलिकेतच अडकलेला, अजून बाहेर न पडलेला कर्करोग हलक्या दाबाला जवळपास चरबीइतकाच मऊ निघाला, खोल दाबाला कठीण. कानाच्या पाळीचा धडा आठवा. मऊ ऊतीचा ताठरपणा हा एक आकडा नसतोच, तो किती दाबलं यावर ठरतो. एकाच दाबाने तपासणारं बोट अर्धीच गोष्ट ऐकतं. ह्यूस्टनच्या त्या प्रयोगशाळेची आणि मुंबईच्या वस्तीतल्या तुमची ओळखही नाही, पण तुम्ही दोघं एकच मोजमाप घेताय.

तपासणीचा दिवस. वस्तीतल्याच एका खोलीत पडदा लावलाय. बाहेर बाकावर सात-आठ जणी, मांडीवर नातवंडं. आत येते ती पंचावन्नची आहे. “मावशी, हात डोक्याखाली घ्या.” ती मंगळसूत्र एका बाजूला सारते. तुम्ही दोन्ही तळवे एकमेकांवर घासून ऊब आणता, कारण गार हात लागला की बाई अंग चोरते, स्नायू आवळतात आणि खालचं काही कळत नाही. ही गोष्ट पुस्तकात वाचून पटत नाही, पहिल्या दहा बायकांत पटते.

ती छताकडे बघते. तुम्ही काखेपासून सुरुवात करता. हलकं. सरकती कातडी आणि खाली मऊ चरबी. मध्यम. आता दाणेदार लागतं, खूपसे बारीक दाणे, दोन्ही बाजूंना सारखेच. असं दाणेदार लागलं म्हणजे घाबरायचं नाही. खोल. बरगड्यांची उंचसखल. पुढची पट्टी. काही बायकांत एखादी गुळगुळीत, गोल गाठ लागते, बोटाखालून निसटून पळते; ती बहुधा निरुपद्रवी, तरी चिठ्ठी लिहायची. या मावशींच्या डाव्या बाजूला, वरच्या बाहेरच्या भागात, हलक्या दाबाला काहीच नव्हतं, मध्यम दाबाला शंका आली आणि खोल दाबाला बोट अडलं. कपाळासारखं. कडा वेड्यावाकड्या. हलवायला गेलात तर आसपासचं सगळं बरोबर हलतं.

“दुखतं का इथे?”

“नाही गं ताई, काही नाही दुखत.”

हेच ऐकून तुमच्या पोटात खड्डा पडतो, कारण न दुखणारी गाठच जास्त काळजीची, हे चार आठवड्यांत तुमच्या डोक्यात पक्कं बसवलंय. पण चेहरा हलू द्यायचा नाही. रोगाचं नाव घेणं तुमचं कामच नव्हे. तुम्ही चिठ्ठी लिहिता: टाटाला दाखवायचं. पुढचं काम जास्त अवघड. मावशी म्हणतात, दुखत नाही तर कशाला जायचं? मुलगा कामावर, सुनेला दिवस गेलेत, नवरा ऐकणार नाही. तुम्ही संध्याकाळी त्यांच्या घरी जाता. चहा येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता. १८९७च्या फलाटावर जे कुणालाच सुचलं नव्हतं ते इथे घडतंय: बोटांचं काम काही मिनिटांचं, त्यासाठीचं बोलणं दिवसांचं. माझ्या मते या प्रयोगातलं निम्मं शास्त्र या चहाच्या कपात होतं.

चार फेरे संपले, मग नुसती घरोघर चौकशी. कोण आजारी, कोण गावी गेली, कोण वारली आणि कशाने. वीस वर्षं. निकाल फेब्रुवारी २०२१मध्ये ‘बीएमजे’त छापून आला. तपासणीच्या वस्त्यांत कर्करोग थोडा लवकरच्या वयात सापडत होता. पसरलेल्या तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडणाऱ्यांचं प्रमाण तिथे ३७ टक्के होतं, उरलेल्या वस्त्यांत ४७. स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सगळ्या वयोगटांत मिळून १५ टक्के कमी भरले, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक योगायोग नाही असं ठामपणे म्हणता येत नव्हतं. पन्नाशी गाठलेल्या आणि त्यापुढच्या बायकांत मात्र घट जवळजवळ ३० टक्के. पन्नाशीच्या आत ठळक फरक नाही.

इथे टाळ्या वाजवायची घाई करू नका. पन्नाशीची ही विभागणी मागाहून केलेली आहे, आणि मागाहून केलेल्या विभागणीवर संख्याशास्त्रज्ञ नेहमीच एक भुवई उंचावतात. ते रास्तच आहे. दुसरा आक्षेप जास्त बोचरा: उरलेल्या दहा वस्त्यांतल्या ७६,१७८ बायकांना माहितीवर भागवलं, त्यांचं काय? तेव्हा वस्त्यांत कुठलीच चाळणी नव्हती आणि हाताने फायदा होतो का हे कुणाला ठाऊक नव्हतं, हे उत्तर खरं आहे. मला ते पटतं, पण पूर्ण समाधान देत नाही.

आता परत या, आजच्या परळमध्ये. एका सोनोग्राफीच्या खोलीत पडदा लावलाय, पण हात लावायला कुणी तीन बोटं पुढे करत नाही. ह्यूस्टनच्याच जोनाथन ओफिर यांनी १९९१मध्ये ‘इलॅस्टोग्राफी’ हे नाव दिलेलं तंत्र आता यंत्रात बसलंय. यंत्र ऊतीला आतून एक बारीक धक्का देतं आणि त्यामुळे उठणारी आडवी लाट किती वेगाने जाते ते बघतं. ऊती ताठर तितकी लाट वेगवान. घनता गुणिले वेगाचा वर्ग गुणिले तीन, की झाला ताठरपणा. निरोगी यकृत ५ किलोपास्कलच्या आसपास असतं. त्यात लाट सेकंदाला सव्वा मीटरच्या थोडी वर जाते, म्हणजे माणूस नेहमीच्या चालीने चालतो त्या वेगाने. यकृत जायबंदी होऊन दगडावलं की वेग वाढतो. एके काळी यासाठी सुई खुपसून तुकडा काढावा लागे. स्तनासाठी हातात धरायचं छोटं साधनही निघालंय, दाब ओळखणाऱ्या स्फटिकांवर चालणारं, मूळ अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात घडलेलं.

ही यंत्रं चांगली आहेत, आणि आकडा कागदावर उतरतो म्हणून दोन डॉक्टरांत वाद कमी होतात. पण दीड लाख बायका आणि वीस वर्षं यांच्या कसोटीवर घासून पाहिलेलं माप अजून तरी तीन बोटांचं आहे. यंत्र विकत आणायला एक दिवस पुरतो. हात तयार करायला चार आठवडे लागतात आणि ते हात वस्तीतच राहतात. निर्णय घेणाऱ्यांनी हा हिशेब मांडायला हरकत नाही.

आणि तुम्ही, वाचून संपलं म्हणून उठण्याआधी: घरात पन्नाशी ओलांडलेली आई, मावशी, काकू, आत्या असेल तर शिकलेल्या हाताने स्तनांची तपासणी वर्षाकाठी एकदा होते ना, एवढं विचारा. कुठेही गाठ लागली तर ती दुखत नाही म्हणून थांबू नका. दुखत नाही, हेच डॉक्टरकडे जायचं कारण आहे.